सही दोघांची, हप्ता कोणाचा?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच गाठीची आहेत. संसार मोडतोय आणि नेमकं त्याच वेळी कर्ज गळ्याशी आलंय. नावं वगळून, मजकूर आटोपता करून त्यातली पाच इथे घेते.

प्रश्न (डोंबिवली) : मी आणि नवरा १४ महिने वेगळे राहतोय. फ्लॅट आणि गृहकर्ज दोघांच्या नावावर, ३१ लाख बाकी. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचं ठरतंय. तो म्हणतो, "हप्ते मी भरीन असं लिहून देतो, तू हक्कसोडपत्र करून दे. अगदीच नाही जमलं तर मी दिवाळखोरी जाहीर करीन, म्हणजे तूही सुटशील." सही करू का?

उत्तर : इतक्यात नको. तो सुटला तरी तुम्ही सुटत नाही. १९२० च्या प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायद्यात कलम ४४ आहे. नादाराला न्यायालयाने कर्जमुक्त केलं, तरी त्याच्याबरोबर बांधील असलेले सहकर्जदार आणि जामीनदार मोकळे होत नाहीत, असं ते स्वच्छ सांगतं. म्हणजे त्याच्या नादारीनंतर बँकेचा सगळा मोर्चा तुमच्याकडे वळेल. फ्लॅट तारण असल्यामुळे सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन तो विकण्याचा मार्ग बँकेला मोकळा असतोच. विक्रीतून कमी पडेल ती रक्कमही तुमच्याकडेच मागतील.

दुसरी गोष्ट हक्कसोडपत्राची. गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घटस्फोटाच्या संमती अटी, 'हप्ते पती भरेल' या वाक्याखाली पिवळ्या हायलायटरची रेघ. त्याच्या मागे बँकेची थकबाकीची नोटीस, त्यांच्या नावाची. त्या सारख्या रेघेवर बोट ठेवून म्हणत होत्या, "पण मॅडम, हे न्यायाधीशांसमोर लिहिलंय ना?" लिहिलंय, पण तो करार नवरा-बायकोमधला. बँक त्यात पक्षकार नव्हती, त्यामुळे तिला तो लागू नाही. बाईंनी फ्लॅटवरचा हक्क सोडला होता आणि कर्ज तेवढं उरलं होतं. नवऱ्याने अटी मोडल्या म्हणून त्याच्याकडून वसूल करता येतं खरं, पण तोच नादार झाला असेल तर काय हाती लागणार?

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी बँकेकडून तुमचं नाव कर्जातून कमी केल्याचं पत्र घ्या, मग हक्कसोडपत्रावर सही करा. त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नाही म्हणून बँक नाही म्हणाली, तर फ्लॅट विकून कर्ज फेडा आणि उरलेलं वाटून घ्या. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या पायरीमध्ये सहा महिने असतात. लोकांना ते नकोसे होतात आणि न्यायालय ते माफही करू शकतं. कर्ज असेल तर माफीच्या मागे लागू नका. बँकेची कामं त्याच सहा महिन्यांत उरकतात.

प्रश्न (इचलकरंजी) : यंत्रमागाच्या धंद्यात पतसंस्था, हातउसने, भिशी मिळून १८ लाखांचं देणं झालंय. बायको माहेरी आहे, तिने पोटगीचा अर्ज केलाय. मित्र म्हणतो, दिवाळखोरी मिळाली की पोटगीही बंद.

उत्तर : मित्राचं ऐकून अर्ज करू नका. वर सांगितलेल्या कलम ४४ मध्येच पोटगीच्या आदेशाची जबाबदारी कर्जमुक्तीतून वगळलेली आहे. सरकारी देणं आणि फसवणुकीतून झालेलं देणंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर बायको-मुलांच्या पोटगीचा हक्क बँकांच्या वसुलीच्या हक्कापेक्षा वरचा मानला.

आता नादारी म्हणजे काय ते बघा. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातली व्यक्तींसाठीची प्रकरणं १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरतीच लागू झाली आहेत. हे लिहीपर्यंत तुमच्यासारख्या माणसाला इंग्रजांच्या काळचेच कायदे आहेत. मुंबईत १९०९ चा आणि उच्च न्यायालय, बाकी महाराष्ट्रात १९२० चा आणि जिल्ह्याचं दिवाणी न्यायालय. किती जुना, तर अर्ज करायला देणं किमान ५०० रुपयांचं हवं, असं त्यात अजून लिहिलेलं आहे! अर्जात सगळे घेणेकरी आणि सगळी मालमत्ता दाखवायची. नादार ठरलात की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं सुटतात. शेडमधले माग मात्र हत्यारांत मोजतील, या भरवशावर राहू नका. अटकेपासून संरक्षण मागता येतं. पण तुम्ही दिलेले चेक परत गेले असतील, तर कलम १३८ चा फौजदारी खटला थांबत नाही. शेवटी कर्जमुक्तीसाठी वेगळा अर्ज. हे सगळं सावकाश चालतं.

पोटगीच्या अर्जात आता दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून ते सक्तीचं आहे. कुटुंब न्यायालयात एक आकडा आणि नादारीच्या अर्जात दुसरा, असं झालं तर दोन्हीकडे विश्वास जातो. तुमच्या जागी मी आधी पतसंस्थेत जाऊन एकरकमी परतफेडीचं बोलेन, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला निघायच्या आत. कमाई खरंच घटली असेल, तर कागद दाखवून पोटगी कमी ठरवून मागता येते. आदेश झाल्यावरही बदलून मागता येते.

प्रश्न (सातारा) : घेणेकऱ्यांचा त्रास वाढलाय. प्लॉट बायकोला बक्षीसपत्राने देऊन कागदोपत्री विभक्त व्हायचं, नंतर नादारीचा अर्ज करायचा, असा विचार आहे. बक्षीसपत्राला खर्चही फारसा नाही ना?

उत्तर : खर्च फारसा नाही असं वाटतं, म्हणूनच हा विचार सगळ्यांना सुचतो. दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि तुम्ही नादार ठरलात, तर मोबदल्याशिवाय केलेली अशी बक्षीसपत्रं १९२० च्या नादारी कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतात. नादारी न घेताही घेणेकरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली आव्हान देऊ शकतात. गंमत म्हणजे तिथेही कलम ५३ च. शिवाय खोटं विभक्त होणं कधीकधी खरं होतं, आणि प्लॉट तर तिच्या नावावर गेलेला असतो. अशी दोन प्रकरणं मी पाहिली आहेत.

प्रश्न (नाशिक) : लग्नातले माझे १२ तोळे नवऱ्याने न विचारता गहाण ठेवले. आता तो दिवाळखोरीची भाषा करतोय. सोनं गेलं का?

उत्तर : स्त्रीधन तुमचं एकटीचं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा. ते त्याचं नाही, तेव्हा त्याच्या नादारीत रिसीव्हरला त्यावर हात ठेवता येत नाही. अडचण पुराव्याची असते. सराफाच्या पावत्या शोधा. त्या नसतील तर लग्नाचा अल्बम काढा. तोडे, पाटल्या, राणीहार घातलेला एक स्पष्ट फोटोही उपयोगी पडतो. आणि लिलावाची नोटीस निघायच्या आधी, आजच, गहाण घेणाऱ्या कंपनीला लेखी कळवा की हे माझं स्त्रीधन आहे, माझ्या संमतीशिवाय ठेवलेलं आहे. पोच घ्या. पोलिसांत तक्रारीची प्रत त्याच पत्राला जोडा. लिलाव झाल्यावर भांडण फार लांबतं.

प्रश्न (न्यू जर्सी) : घटस्फोटाची केस इथे चालू आहे. क्रेडिट कार्डांमुळे चॅप्टर ७ चा, म्हणजे इथल्या दिवाळखोरीच्या अर्जाचा, विचार करतेय. पुण्यातला फ्लॅट आणि त्याचं कर्ज दाखवावं लागेल का?

उत्तर : लागेल. तिकडच्या अर्जात जगात कुठेही असलेली मालमत्ता दाखवावी लागते, लपवली तर गुन्हा होतो. नवऱ्याबरोबर एकत्र अर्ज करायचा विचार असेल, तर तो कायदेशीर लग्न टिकून आहे तोवरच करता येतो. मुलाचा खर्च, पोटगी आणि घटस्फोटाच्या वाटणीत अंगावर आलेलं देणं चॅप्टर ७ मध्ये माफ होत नाही. पुण्याच्या कर्जाचं म्हणाल, तर तिकडची माफी मिळाली तरी इथली बँक तारण फ्लॅटवर इथे कारवाई करू शकते. फ्लॅटच्या इंडेक्स २ ची प्रत, सोसायटीचं भागपत्र आणि कर्जखात्याचा ताजा उतारा मागवून घ्या, इंग्रजी भाषांतर करा आणि अर्ज भरण्याआधी तिकडच्या वकिलांसमोर ठेवा.