पऱ्हाट्या, पाचट विकायचंय इथेनॉलला? आधी हे वाचा

या आठवड्यात बऱ्याच जणांचे एकाच विषयावर मेसेज आलेत. अंबड भागातले एक दादा विचारतात की एजंट येऊन गेला, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, इथेनॉलसाठी नेतो म्हणाला, तर तयारी काय करायची. दुसरे म्हणतात उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, द्यावं का. आणि एका ताईंचा प्रश्न, भुसा चुन्यात भिजवून घरीच साखर आणि पुढे इथेनॉल निघेल का, व्हिडिओ बघितलाय म्हणे.

ताईंचं आधी घेतो. काडात साखर असतेच, पण ती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांमध्ये अडकलेली असते आणि वरून लिग्निनचं कडक आवरण, म्हणून तर पऱ्हाटी जनावरं खात नाहीत. ते आवरण सैल करणं म्हणजेच पूर्वप्रक्रिया. प्लांटमध्ये सौम्य अ‍ॅसिड टाकून साधारण 160 ते 200 डिग्रीच्या वाफेत दाबाखाली शिजवतात, मग 50 डिग्रीच्या आसपास त्या साखळ्या तोडणारे एन्झाइम टाकतात, तेव्हा कुठे साखर सुटते आणि पुढे यीस्ट तिचं इथेनॉल करतं. चुन्यानेही आवरण सैल होतं ही गोष्ट खरी, पण एन्झाइमशिवाय साखर नाही आणि इथेनॉल काढणं म्हणजे दारू गाळणंच, त्याला लायसन्स लागतं, त्यामुळे तो नाद सोडा. त्यापेक्षा आपण चाऱ्यासाठी गव्हाच्या काडाला करतो ती युरिया प्रक्रिया आठवा, 100 किलो काडाला 4 किलो युरिया साधारण 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, 21 दिवस हवाबंद झाकायचं. तिथे युरियातून सुटणारा अमोनिया हेच आवरण सैल करतो. खायला घालताना आधी हवेवर मोकळं ठेवायचं, 6 महिन्यांच्या आतल्या वासरांना द्यायचं नाही. घरच्या घरी करण्यासारखं आहे ते हे.

आता पऱ्हाट्या. अ‍ॅसिड वगैरे प्लांटवाले बघतील, आपल्या हातात फक्त दोन गोष्टी, माल कोरडा आणि माल मातीविना. माती का नको, तर आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, ती अ‍ॅसिड खाऊन टाकते आणि खडे कटरची पाती मोडतात, मग गाडी गेटवर रिजेक्ट नाहीतर पैशात कटिंग. पऱ्हाट्या उपटायच्या चिमट्याने उपटल्या की मुळाला ढेकूळ येतंच, ते तिथल्या तिथे झटका, वाळल्यावर झटकायला सोपं जातं. सुतळी, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, मल्चिंगचं प्लास्टिक वेचून काढा.

कोरडं झालं का बघायला मीटर लागत नाही. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर कुट्टी आणि दोन चमचे कोरडं मीठ टाका, झाकण लावून चांगलं हलवा, दहा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेलं दिसलं तर ओल साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या. ओला माल रचला की आत तापतो, बुरशी येते, ती आपली साखर आधीच खाऊन बसते.

पण वाळवायचं म्हणून बांधावर गंजी रचून मे महिन्यापर्यंत ठेवू नका राव! उरलेल्या बोंडात गुलाबी बोंडअळी बसलेली असते, पुढच्या हंगामात तीच तुमच्या कपाशीवर. एजंटची गाडी लांबत असेल तर श्रेडर फिरवून कुट्टी करून ठेवा.

पाचटाचं माझं मत स्पष्ट आहे, देऊ नका. हेक्टरी 8-10 टन पाचट निघतं, सरीत आच्छादन करून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं कल्चर टाका, खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटणाऱ्या उसाला, पाणी कमी लागतं, जमीनही सुधारते. खोडवा ठेवायचाच नसेल तर विचार करा. जाळू तर नकाच.

हे प्लांट हवेतले नाहीत, पानिपतला इंडियन ऑइलचा 2022 मध्ये सुरू झालाय, वर्षाला 2 लाख टन भाताचा पेंढा घेऊन 3 कोटी लिटर इथेनॉल काढायचा त्याचा अंदाज, टेक्नॉलॉजी आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीची. पण तो आहे हरियाणात. तुमचा एजंट माल नेमका कुठे नेतोय, भाडं कोणाच्या माथी, हे आधी विचारा, कारण काड हलकं आणि गाडी लवकर भरते. भाव ओलीच्या कितव्या टक्क्याला, तेही कागदावर घ्या. 30 टक्के ओलीच्या टनात सुका माल 700 किलो, 15 टक्क्यांच्या टनात 850, दोन्हीला एकच भाव देत असेल तर वाळवण्याची मेहनत तुमची आणि फायदा त्याचा. वजनाची पावती त्याच दिवशी घ्या, काटा शक्यतो गावाजवळचा.

तुराट्या (तुरीची वाळलेली झाडं) आणि सोयाबीनच्या कुटाराचे (मळणीनंतरच्या भुशाचे) प्रश्नही आलेत. तुराट्यांना वरचं सगळं लागू, कुटार मात्र घरी जनावरं असतील तर आधी त्यांच्यापुरतं बाजूला काढा, मग उरलेल्याचा सौदा करा.