‘प्लीज रिव्हर्ट’ चूक की बरोबर?

प्रश्न : मी शिपिंग एजन्सीत काम करतो. आमच्याकडे निम्म्या ई-मेलांचा शेवट ‘प्लीज रिव्हर्ट’ने, म्हणजे ‘कृपया उत्तर कळवा’ अशा अर्थाने, होतो. नवीन साहेब म्हणतात, हे इंग्रजी चुकीचे आहे. खरे काय?
— एक वाचक, वास्को

उत्तर : साहेबांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. ‘रिव्हर्ट’ म्हणजे मुळात मागे वळणे, पूर्वीच्या स्थितीला जाणे. लॅटिनमधल्या ‘व्हेर्तेरे’ (वळणे, वळवणे) या क्रियापदाला ‘रे’ (मागे, पुन्हा) हा उपसर्ग लागून ते तयार झाले आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. कन्व्हर्ट, डायव्हर्ट, इन्व्हर्ट ही त्याचीच भावंडे. आपल्या ‘परावर्तन’, ‘आवर्तन’ यांतला संस्कृत ‘वृत्’ धातूही त्याच कुळातला.

हा मूळ अर्थ कायद्याच्या कागदांत अजून जसाच्या तसा आहे. भाडेपट्टा संपला की मिळकत मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. कोमुनिदादच्या (गोव्यातल्या गावकीच्या) जमिनींच्या व्यवहारात ‘रिव्हर्जन’ वाचाल, तेव्हा तिथेही भूखंड परत कोमुनिदादकडे जाण्याचीच गोष्ट असते. उत्तर पाठवण्याशी त्याचा संबंध नाही.

‘उत्तर देणे’ हा अर्थ भारतात आणि सिंगापूर-मलेशियाकडे रुळला आहे. शिवाय जहाजे भाड्याने ठरवणाऱ्या ब्रोकरांच्या पत्रव्यवहारात ‘विल रिव्हर्ट’ म्हणजे ‘चौकशी करून कळवतो’, हे जगभर समजते. त्यामुळे तुमच्या धंद्यातल्या माणसाला तसे लिहिले तर काही बिघडत नाही. ते चुकीचे म्हणून खोडून टाकणे आम्हाला पटत नाही.

घोटाळा होतो तो धंद्याबाहेरच्या परदेशी माणसाला लिहिताना, आणि तोही एका शब्दयोगी अव्ययावरून. ‘वी विल रिव्हर्ट ऑन द रेट’ म्हणजे दराबद्दल कळवू. ‘वी विल रिव्हर्ट टू द ओल्ड रेट’ म्हणजे जुना दर पुन्हा लावू. घाईत ‘ऑन’च्या जागी ‘टू’ पडले, तर नुसते ‘कळवतो’ म्हणायचे असताना तुम्ही दर मान्य करून बसता! पैसे, तारीख किंवा अट यांचा विषय असेल तिथे ‘रिप्लाय’ किंवा ‘लेट अस नो’ लिहा आणि मुदत घाला : ‘प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे, फाइव्ह पीएम.’ नुसत्या ‘रिव्हर्ट’मध्ये कधीपर्यंत, हे कळतच नाही.

गोव्यातून लिस्बनला पत्रे जातात, म्हणून आणखी एक. पोर्तुगीजमध्ये ‘रेव्हेर्तेर’ आहे, पण त्याचा अर्थ पूर्ववत होणे किंवा एखाद्याच्या पदरात जाणे. उत्तर देण्याला तिथे ‘रेश्पोन्देर’. इंग्रजी पत्रातला ‘रिव्हर्ट’ तिकडचा कारकून आपल्या भाषेतल्या अर्थाने वाचण्याची शक्यता बरीच.

प्रश्न : ‘रिव्हर्ट बॅक’ आणि ‘रिव्हर्ट मी’ चालते का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ‘रिव्हर्ट बॅक’मध्ये ‘मागे’ दोनदा येते, ‘बॅक’ काढा. ‘रिव्हर्ट मी’ मात्र व्याकरणातच बसत नाही. हे क्रियापद या अर्थाने अकर्मक आहे, म्हणून ‘रिव्हर्ट टू मी’. संगणकावर फाइलमधले बदल रद्द करताना तेवढे ते सकर्मक होते : ‘रिव्हर्ट द चेंजेस.’