‘सगळं कळतं, तरी मारतोच!’

"मॅडम, त्याला सगळं कळतं हो. विचारा, घडाघडा सांगेल. पण खेळात हरला की हात उचलतोच." तिसरीतल्या एका मुलाच्या आईची ही तक्रार. थोड्याफार फरकाने बरेच पालक हेच म्हणतात, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून ही केस मांडते.

आईचं म्हणणं खरंच होतं. राग आला तर काय करायचं, असं विचारल्याबरोबर मुलगा म्हणाला, "दीर्घ श्वास घ्यायचा, दहा आकडे मोजायचे, बाईंना सांगायचं." तोंडपाठ! ‘मी कुणालाही मारणार नाही’ हे वहीभर लिहूनही झालं होतं. (अशा शिक्षेने अक्षर तेवढं बिघडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.)

मग आम्ही सापशिडी मांडली. पहिल्या सापाला तो हसला, पण उजव्या हाताची बोटं चड्डीवर घासू लागला. दुसऱ्याला कान लाल झाले. तिसऱ्याला पट उधळला. सोंगट्या गोळा करता करता मी विचारलं, "राग येतोय हे तुला आधी कुठे कळतं?" तो जरा थांबला. "हाताला. हात गरम होतो."

आमचं काम तिथून सुरू झालं. काय करायचं हे माहीत असणं वेगळं आणि ऐन रागात ते जमणं वेगळं. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला भांडण पेटलेलं असताना कितीही समजावलं तरी ते कानावरून जातं. सराव करायचा तो डोकं शांत असताना.

आम्ही तो खेळातच केला. हात गरम झाला की दोन्ही तळवे मांडीवर दाबायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "मला राग आलाय, थोडं थांबा." आधी जिंकत असताना, मग मी मुद्दाम हरवत असताना. सुरुवातीला तो हे वाक्य ओरडूनच म्हणायचा. मी ते चालवून घेतलं; हात उठला नाही, एवढं मला पुरेसं होतं.

खरी अडचण वर्गात होती. तो थांबायचा, पण बाकीची मुलं "चिडका, चिडका" करून त्याला पेटवायची. म्हणजे कौशल्य फक्त त्याला शिकवून भागणार नव्हतं. वर्गशिक्षिकेने रोज सकाळची काही मिनिटं सगळ्या वर्गासाठी ठेवली: हरलेल्या मित्राला काय म्हणायचं, कुणी ‘थांब’ म्हटलं तर काय करायचं, हे मुलं जोडीने करून बघायची. भूमिका आलटून पालटून. चिडवणाऱ्यांच्या वाट्याला हरणाऱ्याची भूमिका आली तेव्हा वर्ग बराच गप्प झाला, असं बाईंनी सांगितलं.

वडिलांना मात्र वेगळीच काळजी. "यात अभ्यासाचा वेळ जातो ना?" त्यांना मी 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याबद्दल सांगितलं. शाळांमधले असे 213 कार्यक्रम आणि 2 लाख 70 हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. ही कौशल्यं शिकलेल्या मुलांची अभ्यासातली कामगिरी इतरांपेक्षा सरासरी 11 शतमकांनी (पर्सेंटाइल) वर गेलेली दिसली; म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल साधारण अकरा जागा पुढे जावं, तसं. शिवाय वर्गावरचे शिक्षकही हे उत्तम शिकवू शकतात, असंही त्यात आढळलं.

मुलगा अजूनही चिडतो. मध्यंतरी दार आपटलं, एकदा मैदान सोडून निघून गेला. आईला ते अपयश वाटलं, मला प्रगती. मारामारी मात्र हळूहळू थांबत आली. राग इतका असेल की मूल स्वतःलाच इजा करून घेतंय, झोप-जेवण बिघडलंय किंवा शाळेचं नाव काढताच घाबरतंय, तर मात्र घरच्या सरावावर न थांबता तज्ज्ञांना भेटा.

परवा वडिलांचा फोन आला. ऑफिसच्या कामावरून ते घरात आवाज चढवून बोलत होते, तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमचा हात गरम झालाय का?" याला उलट उत्तर म्हणायचं का, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, "आधी त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या."