‘मॅडम, पद्धत कुठली निवडू?’

ऑफिसातल्या कामाला शिस्त लावायची जबाबदारी अंगावर पडली, की हल्ली माणसं माझ्याकडे झोपेची तक्रार घेऊन येतात. मेघना (नाव बदललंय) त्यातलीच. वय चौतीस, राहायला ऐरोली, नोकरी रबाळे एमआयडीसीत, पाणी आणि अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका लॅबमध्ये. कामावरून सुटून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरली आणि नौपाड्यातल्या माझ्या खोलीत येऊन बसली. हातात वही, वहीत तक्ता: लीन, सिक्स सिग्मा, कानबान, थिअरी ऑफ कन्स्ट्रेन्ट्स, फिशबोन. प्रत्येकापुढे फायदे, तोटे आणि दहापैकी गुण.

“रिपोर्ट पाच दिवसांत द्यायचे असतात, जातात नऊ दिवसांनी. मालक म्हणाले, सुधारणेची एक पद्धत निवड आणि पंधरा तारखेला सांग. मॅडम, चुकीची निवडली तर?”

समुपदेशनात येण्याआधी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात मी नऊ वर्षं काढली. अशा पद्धती तिथे आलेल्या आणि गेलेल्या पाहिल्या. पोस्टर लागायचं, पेढे वाटले जायचे, आणि पोस्टर पिवळं पडलं तरी माणसं ट्रॉलीची वाट बघत तशीच उभी असायची. त्यामुळे तिच्या तक्त्याकडे मी जरा तिरकसच पाहिलं, हे कबूल करते.

पण दोष पद्धतींचा नव्हता. ही काही एकाच दुखण्यावरची पाच औषधं नव्हेत. सिक्स सिग्मा १९८६ साली मोटोरोलात सुरू झाली ती चुका कमी करायला. दहा लाख संधींमागे ३.४ चुका हे तिचं माप. लीन आणि कानबानची मुळं टोयोटात; तिथल्या ताइइची ओनोंना खटकायचा तो फुकट जाणारा वेळ, पडून राहिलेला माल, हेलपाटे. थिअरी ऑफ कन्स्ट्रेन्ट्स मांडणाऱ्या गोल्डरॅट यांचा प्रश्न वेगळाच: गाडं नेमकं कुठे अडतं? आणि इशिकावांचं माशाच्या काट्याचं चित्र, म्हणजे फिशबोन, काढायचं ते कारणच उमगत नसेल तेव्हा.

म्हणून मी एवढंच विचारलं, “तुमचे रिपोर्ट चुकतात, की उशिरा जातात?”

“उशिरा. चूक क्वचित.”

“मग सिक्स सिग्मावर काट मारा.”

तिने पेन उचललं, पण काट मारेना. “मॅडम, त्याचा कोर्स केलाय मी. पैसे भरून.” दोघीही हसलो.

“आत्ता लॅबमध्ये सॅम्पल किती आहेत?”

“बहात्तर.”

“आणि रोज रिपोर्ट किती जातात?”

“आठेक.”

बहात्तर भागिले आठ, नऊ. तिचेच नऊ दिवस. आत असलेली कामं म्हणजे रोजचा वेग गुणिले लागणारे दिवस, हा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केला; मला तो कारखान्यातल्या एका इंजिनिअरने चहाच्या टपरीवर समजावला होता. वेग आठचाच ठेवून पाच दिवस गाठायचे, तर आत चाळीसच सॅम्पल हवीत.

“म्हणजे बत्तीस जास्तीची कुठेतरी बसून आहेत. कुठे?”

ती गप्प झाली. खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. बऱ्याच वेळाने म्हणाली, “सरांच्या टेबलावर.”

सर म्हणजे रिपोर्टवर सही करायचा अधिकार असलेले तिचे वरिष्ठ. दोन वर्षांनी निवृत्त होणारे. टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव सोडून करायची तपासणी, करताना तिचा हात थरथरायचा, तेव्हा शेजारी उभं राहून शिकवलं ते त्यांनीच. कुठलीही पद्धत लावली तरी कागदावर त्यांचं टेबल लाल दिसणार, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तीन आठवडे ती पद्धती तोलत होती, ते त्या टेबलापर्यंत पोचावं लागू नये म्हणून. माझ्याकडे येणाऱ्यांत हे पुष्कळदा दिसतं. निवड अवघड नसते, निवडीतून कुणाचं नाव वर येईल त्याची धास्ती असते.

मी तिला एकच काम दिलं. एका सॅम्पलला कागद जोडायचा आणि ते जिथे जाईल तिथे वेळ लिहायची: आलं कधी, हातात घेतलं कधी, खाली ठेवलं कधी. कामाची वाट अशी कागदावर मांडायची रीत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने १९२१ साली इंजिनिअरांपुढे ठेवली होती. लिलियनबाई मानसशास्त्रातल्या पीएचडी, म्हणून माझा जीव त्यांच्यावर थोडा जास्त.

दुसऱ्या भेटीत कागद भरून आला. नऊ दिवसांत प्रत्यक्ष हात लागलेला वेळ सहा तास. बॅक्टेरियाच्या तपासणीची प्लेट इनक्यूबेटरमध्ये ४८ तास. ती वाट बघणं हेच काम, त्याला हात लावायचा नाही. सरांच्या टेबलावर तीन दिवस. त्या दिवशी तिथल्या फायली तिने मोजल्या, तेवीस. तीन दिवस आणि रोजचे आठ, हिशेब जुळतोच.

“आता हा कागद मालकांच्या आधी सरांना दाखवा,” मी म्हणाले. “आणि ‘तुमच्याकडे उशीर होतो’ असं म्हणू नका. ‘यात माझं काय राहिलं?’ असं विचारा.”

तिला ते पटलं नव्हतं. दोन दिवस टाळलं तिने. मग दाखवला. सर बघत राहिले. “तीन दिवस? मला वाटायचं दीड.” मग खिशातलं पेन काढून त्यांनीच एक चौकोन वाढवला, जो तिच्या लक्षातच आला नव्हता. बऱ्याच फायलींत बॅच नंबर नसतो. त्याशिवाय ते सही करत नाहीत, आणि करूही नये. मग पार्टीला फोन. दिवसभर त्याच पार्ट्यांचे उलटे फोन, “रिपोर्ट कधी?” उशिरामुळे फोन आणि फोनमुळे उशीर. सह्या राहायच्या संध्याकाळवर.

म्हणजे गाठ बसली होती खाली, सॅम्पल घेण्याच्या काउंटरवर. आता बॅच नंबर लिहिल्याशिवाय सॅम्पल आत घेत नाहीत, फोन दुसरं कुणी घेतं, आणि सर दिवसातून दोनदा सह्या करतात. पंधरा तारखेला मालकांनी पद्धतीचं नाव विचारलंच. मेघनाने तो कागद पुढे केला. नाव लीन लिहायचं की आणखी काही, ते त्यांच्यावर सोडलं.

परवा तिने सांगितलं, आत बावन्न सॅम्पल आहेत, रिपोर्ट साडेसहा दिवसांत जातात. पाच अजून नाहीत. झोप लागते. पुढच्या आठवड्यात मात्र ती पुन्हा येणार आहे: बॅच नंबरवरून सगळे आता काउंटरवरच्या मुलाला बोलतात, आणि तो फॉर्म बनवला होता तिनेच, सहा वर्षांपूर्वी, बॅच नंबरचा रकानाच न ठेवता. हे अजून तिने कुणालाच सांगितलेलं नाही.