बदली गारगोटीला, घर कोल्हापुरात

प्रश्न : मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. बढतीबरोबर माझी बदली गारगोटीच्या शाखेत शाखाधिकारी म्हणून झाली असून जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचे आहे. आमचे घर मंगळवार पेठेत आहे. यजमान गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या नोकरीत आहेत, मुलगी यंदा तिसरीत जाईल आणि सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत. सहकारी म्हणतात, पन्नास किलोमीटर म्हणजे काहीच नाही, रोज अप-डाऊन करा. यजमानांच्या मते बिद्री किंवा मुदाळतिट्ट्याजवळ घर घ्यावे, म्हणजे दोघांनाही सारखाच प्रवास पडेल. सासूबाई घर सोडायला तयार नाहीत आणि मुलगी अभ्यासात मागे पडेल अशी मला धास्ती वाटते. किमान तीन वर्षांचा प्रश्न आहे. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही गारगोटीतच राहायला जावे आणि मुलीला बरोबर न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सासूबाईंना त्यांच्या मनाविरुद्ध हलवू नये आणि मधल्या ठिकाणी घर घेण्याचा विचार मनातून काढूनच टाकावा.

सहकारी सांगतात ते पन्नास किलोमीटर एप्रिल-मे महिन्यातल्या मोकळ्या रस्त्याचे आहेत. हा रस्ता इस्पुर्ली, बिद्री, मुदाळतिट्टा असा उसाच्या पट्ट्यातून जातो आणि बिद्रीला साखर कारखाना आहे. एकदा गाळप सुरू झाले की भरलेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची ये-जा हंगाम संपेपर्यंत थांबत नाही. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले असतात आणि समोरून वाहन येत असताना त्यांना ओलांडणे जिवावर बेतू शकते. दिवसाचा हिशेब जुळवून संध्याकाळी उशिरा निघणाऱ्या शाखाधिकाऱ्याला हिवाळाभर ही वाट अंधारातच कापावी लागेल. अमावास्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनासाठी गर्दी लोटते, तेव्हा मुदाळतिट्टा ओलांडायला किती वेळ लागेल याचा नेम नसतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकली आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गही पाण्याखाली जाऊन बंद पडला, हे तुम्ही पाहिलेच आहे. अशा दिवसांत शाखेची जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो अधिकारी नदीच्या पलीकडे अडकून पडलेला चालत नाही.

दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते. तुम्ही जूनमध्ये रुजू होणार, म्हणजे ऐन पीककर्जाच्या धांदलीत. सात-बारा आणि आठ-अचे उतारे, सेवा सोसायटीचा दाखला, जुन्या कर्जाचे नूतनीकरण घेऊन माणसे सकाळपासून शाखेत बसलेली असतील. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल जमा झाले की बायकांची रांग लागेल, त्यांतल्या निम्म्याजणी एखाद्या बचत गटात असतील आणि त्यांना वेगळेच काही विचारायचे असेल, जे काउंटरवर सर्वांसमोर विचारता येत नाही. कोणाचा ऊस नदीकाठच्या रानात आहे आणि दरवर्षी पाण्यात जातो, कोणाच्या घरी आजारपण निघाले म्हणून हप्ता थकला, कोण खरोखर बुडवणारा आहे, हे कर्जाच्या फायलीत लिहिलेले नसते. ते बाजारात भाजी घेताना, मुलीला शाळेत सोडताना, शेजारणीशी बोलताना कळत जाते. पाच वाजले की ज्याचे लक्ष एस.टी.च्या वेळेकडे लागते, त्या अधिकाऱ्याला गाव काही सांगत नाही. पहिल्यांदाच शाखा सांभाळताना हे ज्ञान तुमच्या फार उपयोगी पडेल.

यजमानांच्या सूचनेमागे समान वाटणीची भावना आहे, तिचा आदर करून सांगते की या वाटणीत मुलीचा विचार झालेला नाही. मधल्या गावात राहिलात तर दिवसभर आई एका दिशेला आणि वडील दुसऱ्या दिशेला, दोघेही दूर. शाळेतून ताप आल्याचा फोन आला तर तिच्याजवळ पोहोचायला दोघांनाही सारखाच उशीर होईल. गारगोटीत तुम्ही काही मिनिटांत तिच्यापाशी असाल. शिवाय पाळीच्या नोकरीत असलेल्या माणसाने रात्रपाळी करून त्या रस्त्याने घरी परतावे, हे मला मुळीच पटत नाही. यजमानांनी आईजवळ कोल्हापुरात राहावे, सुट्टीला गारगोटीला यावे आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा तुम्ही दोघींनी कोल्हापूरला जावे. हा ताटातुटीचा संसार सोपा नाही. मात्र रोज दमून, चिडून एका छपराखाली येण्यापेक्षा तो अधिक निभावण्यासारखा आहे.

शाळेची धास्ती मात्र सोडा. ज्या डॉ. जे. पी. नाईक यांनी पुढे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव म्हणून साऱ्या देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडला, ते जवळच्याच आजरा तालुक्यातले, बहिरेवाडीचे. आणि ग्रामीण शिक्षणाच्या प्रयोगासाठी मौनी विद्यापीठ त्यांनी गारगोटीतच उभे केले. तिसरीतल्या मुलीला लागणारी शाळा अशा गावात निश्चित मिळते. जवळच्या दोन-तीन शाळा स्वतः पाहा, वर्गात मुले किती आहेत आणि ती शिक्षकांना न घाबरता प्रश्न विचारतात का, एवढे पाहिले तरी पुरे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो. तरीही मे महिन्यातच शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. कोल्हापुरातले नृत्याचे किंवा पोहण्याचे वर्ग सुटतील, ही हानी खरी आहे आणि ती मुलीपासून लपवू नका.

खरी अडचण निराळी आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंतचे तास मुलगी कोणाकडे असेल? शेजारीण आनंदाने 'माझ्याकडे बसू दे' म्हणेल आणि तिचे ते म्हणणे मनापासूनचे असेल; पण तीन वर्षांची सोय नुसत्या उपकारावर उभी करू नये. त्या तासांसाठी एखाद्या विश्वासू मावशींना ठरलेल्या पगारावर नेमा आणि शक्यतो घरमालक त्याच इमारतीत सहकुटुंब राहत असतील असे घर निवडा. सासूबाईंना 'सोबत चला' असे न सांगता, 'पहिला महिनाभर नातीजवळ राहाल का' असे विचारा. कायमचे घर सोडणे आणि नातीसाठी महिनाभर जाणे यांत त्यांच्या दृष्टीने फार अंतर असेल. नको म्हणाल्या तर तो विषय तिथेच सोडा.

घर पाहायला मे महिन्यात जाल, तेव्हा सारे कोरडे आणि छान दिसेल. पश्चिमेकडची भिंत जवळून पाहा. नव्या रंगाखाली पोपडे किंवा पिवळट डाग असतील तर तिथे झडीचा पाऊस आत येतो असे समजा. खिडक्यांवर पत्रा आहे का, कपडे वाळवायला झाकलेली जागा आहे का, हेही पाहा. पाणी किती वेळ येते हे मालकापेक्षा शेजारच्या भाडेकरूला विचारलेले बरे. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, हे गावात अनेकांना माहीत नसते. ते नम्रपणे सांगावे लागेल. सासूबाई तुमच्याकडे येणार असतील तर त्यांची औषधे महिनाभराची भरून ठेवा, ग्रामीण रुग्णालय कोठे आहे ते पाहून ठेवा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मुलीलाही पाठ करून द्या.

प्रश्न : मी पशुवैद्यक असून गगनबावडा तालुक्यात नुकताच रुजू झालो आहे. एकटाच राहतो. दवाखान्याजवळच खोली घेतल्यामुळे लोक रात्री-अपरात्री आणि रविवारीही दाराशी येतात. नाही म्हटले तर माणुसकी नाही असे होते, हो म्हटले तर मला घरी जाताच येत नाही.
— एक तरुण वाचक

उत्तर : वरच्या उत्तरात मी ज्या गावात नोकरी तिथेच राहण्याचा आग्रह धरला, त्याची किंमत तुम्ही मोजत आहात आणि ती लहान नाही. अडलेली म्हैस किंवा पोट फुगलेले जनावर सकाळपर्यंत थांबू शकत नाही. ज्या घराचा महिना दुधावर चालतो, तिथे एक म्हैस जाणे म्हणजे संसार कोलमडणे. तिथे उठून जावेच लागेल. लसीकरण, दाखले, खाद्याचा सल्ला यांना मात्र दवाखान्याची वेळ आहे, आणि ती वेळ दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

पहिल्या काही महिन्यांत जी सवय लावाल, तीच पुढे टिकेल. म्हणून आतापासूनच एक आड एक रविवार घरी जा, जाण्यापूर्वी दूध संस्थेच्या सचिवांना आणि सरपंचांना तसे सांगा, आणि तुमच्या अनुपस्थितीत कोणाला बोलवायचे तेही सांगून ठेवा. दूध संघाचे डॉक्टर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा १९६२ हा क्रमांक, दोन्ही त्याच पाटीवर लिहा. कोणी जेवायला बोलावले तर जरूर जा, पाऊस महिनोन्महिने हटत नाही अशा गावात एकट्या माणसाला त्याची गरज असते. तूप, तांदूळ, कोंबडी दारात आणून ठेवली तर मात्र हात जोडून परत करा. एकाचे घेतले की दुसऱ्याच्या गोठ्यात उशिरा का गेलात, याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल.