सात वेळा शून्यं लिहिली की एसएसडी पुसली जाते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षं वापरलेला विंडोज ११चा लॅपटॉप विकायचाय. आत ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह. तिच्यावर आयटीआर, पॅन-आधारच्या पीडीएफ आणि घरच्यांचे दवाखान्याचे रिपोर्ट होते. ओळखीचा दुकानदार म्हणतो, "सात पास मारून देतो, ब्रह्मदेव आला तरी काही निघणार नाही." पास म्हणजे अख्ख्या ड्राइव्हवर एकदा शून्यं लिहून काढणं. तर निर्धास्त व्हावं का?

दुकानदार फसवत नाहीये. तो हार्ड डिस्कच्या जमान्यातलं सांगतोय, इतकंच. पीटर गुटमन यांनी १९९६ साली ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून "जितके पास जास्त तितकं पक्कं" हे लोकांच्या डोक्यात बसलंय. खरं तर आजच्या हार्ड डिस्कलासुद्धा एक पास पुरतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची मार्गदर्शिका हेच सांगते. एसएसडीत अडचण पासांच्या संख्येची नाहीच. तुम्ही लिहिलेली शून्यं जुन्या डेटावर पडतायत की नाही, हाच मुळात प्रश्न आहे.

फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. लिहायचं काही केबींच्या पानावर, पण पुसायचा मात्र कित्येक एमबींचा अख्खा ब्लॉक. म्हणून आतला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप, नवीन मजकूर दुसऱ्या मोकळ्या पानावर टाकतो आणि आपल्या नकाशात पत्ता बदलतो. जुनं पान तिथंच पडून राहतं, सवडीने कधीतरी पुसलं जातं. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून शेतातलं पीक कुणी उपटत नाही, तसंच हे. विंडोजला आणि त्या पुसण्याच्या सॉफ्टवेअरला फक्त सातबारा दिसतो.

शिवाय ५१२ जीबी म्हणून विकलेल्या ड्राइव्हमध्ये चिप साधारण ५५० जीबींच्या असतात, कारण मेमरीची मोजणी १०२४च्या पटीत होते आणि डब्यावरची १०००च्या. वरचे ३५-३८ जीबी कंट्रोलर स्वतःच्या कामासाठी ठेवतो. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तो ब्लॉक फिरवत राहतो, त्यामुळे सात पासांत त्यातलं बरंचसं पुसलं जाईलही. पण कुठला ब्लॉक सुटला हे बाहेरून कळायला मार्ग नाही. त्या नादात साडेतीन टीबी लिखाण फुकट होतं ते वेगळं. (ड्राइव्हचं आयुष्य त्याने संपत नाही, ५१२ जीबीच्या साध्या ड्राइव्हला ३०० टीबीच्या आसपास लिखाणाची हमी असते. पण उपयोगही नाही.)

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. २०११ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी चिप थेट वाचून पाहिल्या. एकेक फाइल "सुरक्षितपणे" पुसण्याच्या सगळ्या पद्धती नापास झाल्या. फाइलचा ४ ते ७५ टक्के भाग चिपवर तसाच सापडला. पूर्ण ड्राइव्ह दोनदा लिहिली तर बहुतेक वेळा जमलं, नेहमी नाही. आणि खरी गंमत म्हणजे ड्राइव्हच्या स्वतःच्या पुसण्याच्या कमांडसुद्धा काही कंपन्यांनी धड बनवलेल्या नव्हत्या. एका ड्राइव्हने "झालं" असा निरोप दिला आणि डेटा जागेवरच होता.

म्हणून मी दोन गोष्टी एकीवर एक करतो. माझा धंदाच जुन्या लॅपटॉपचा आहे, त्यामुळे हे जवळजवळ रोजचं काम.

पहिली गोष्ट एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवणं. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर (दोन्ही विंडोजचीच सोय) आधीपासून चालू आहे का बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच मशीनवर ते आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. सुरुवातीपासून चालू असेल तर तुमची निम्मी काळजी इथेच मिटली, कारण चिपवर जे काही उरेल तो किल्लीशिवाय निव्वळ कचरा. चालू नसेल तर बॅकअप घेऊन आता करा, आणि बिटलॉकर विचारेल तेव्हा 'फक्त वापरलेली जागा' न निवडता पूर्ण ड्राइव्ह निवडा. मात्र आता केलेलं एन्क्रिप्शन कंट्रोलरने बाजूला टाकलेल्या जुन्या पानांपर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून पुढची पायरी टाळू नका. ड्राइव्हच्या आतल्या हार्डवेअर एन्क्रिप्शनवर एकट्यावर मी विसंबत नाही. २०१८ साली नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या दोघांनी क्रूशियल आणि सॅमसंगच्या काही मॉडेलांमध्ये ते पासवर्डशिवाय उघडून दाखवलं होतं. त्यानंतर २०१९मध्ये विंडोजनेही सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन हाच नेहमीचा पर्याय केला.

दुसरी गोष्ट म्हणजे पुसायचं काम कंट्रोलरलाच सांगणं. सगळ्यात सोपी वाट बायोसमधली (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा सेटिंगचा मेनू): डेल, एचपी, लेनोवोच्या, विशेषतः ऑफिससाठीच्या मॉडेलांमध्ये ड्राइव्ह पुसण्याचा पर्याय तिथेच मिळतो. नसेल तर उबंटू या मोफत लिनक्स सिस्टीमचा पेनड्राइव्ह करून त्यावरून बूट करा आणि 'एनव्हीएमई-सीएलआय' (nvme-cli) हे ड्राइव्हला थेट कमांड देणारं पॅकेज टाका. आधी ड्राइव्हची यादी काढून मॉडेल आणि साइज ताडून पाहा. दुसरी ड्राइव्ह किंवा बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर काढून ठेवा, पुसण्याची कमांड विचारत बसत नाही. ड्राइव्ह यादीत दिसलीच नाही तर बायोसमध्ये स्टोरेज 'रेड' किंवा 'आरएसटी' मोडवर आहे का बघा. 'एएचसीआय' केलं की बहुधा दिसते.

मग कंट्रोलरची माहिती काढा. त्यात 'सॅनिकॅप' (sanicap) नावाची ओळ असते, ड्राइव्हला 'सॅनिटाइझ' ही पुसण्याची कमांड कळते का ते सांगणारी. तिथे शून्य नसेल तर 'सॅनिटाइझ' वापरा: कृती २ म्हणजे ब्लॉक पुसणं, ४ म्हणजे ड्राइव्हची आतली किल्ली बदलणं. मी जमेल तिथे आधी ४ आणि मग २ देतो. सॅनिटाइझ राखीव जागेपर्यंत पोचतं, आणि मध्येच वीज गेली तरी चालू झाल्यावर ड्राइव्ह ते काम पूर्ण केल्याशिवाय काही वाचू देत नाही. सॅनिटाइझचा लॉग मागितला की 'एसप्रॉग'चा (काम किती झालं त्याचा) आकडा चढताना दिसतो. ६५५३५ला पोचला आणि खाली 'एसस्टॅट'मध्ये यशाची नोंद आली की झालं. सॅनिकॅप शून्य असेल तर 'फॉरमॅट' कमांडला 'एसईएस' (पुसण्याची पद्धत ठरवणारा आकडा) १ किंवा २ द्या. विंडोजच्या फॉरमॅटशी हिचा संबंध नाही, फक्त नाव सारखं.

विंडोजमधलं 'रीसेट', त्यातला 'क्लीन डेटा' चालू करून? अनोळखी गिऱ्हाइकाला मशीन देताना, एन्क्रिप्शन आधीपासून असेल, तर ठीक आहे. पण ते घरगुती वापरापुरतं आहे, सरकारी निकषांत बसत नाही, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

लोहचुंबक फिरवणारे अजून भेटतात. एसएसडीत चुंबकीय काही नसतं, त्याने काही होत नाही. ड्रिलने भोक पाडायचं तर प्रत्येक काळ्या चिपमधून गेलं पाहिजे, नाहीतर शाबूत चिप काढून वाचता येते. बंद पडलेल्या ड्राइव्हला मात्र हाच इलाज, कारण ती कमांड ऐकतच नाही. वॉरंटीत परत द्यायची झाली आणि एन्क्रिप्शन नसेल, तर नव्या ड्राइव्हचे पैसे सोसणं बरं असं माझं मत.

दुकानदाराला दुखवायचं नसेल तर हे सगळं घरीच उरका आणि मग लॅपटॉप त्याच्याकडे न्या. पुसल्यावर विंडोज पुन्हा टाका. कंपनीकडून विंडोजसकट आलेल्या मशीनची लायसन्स-की बहुधा मदरबोर्डमध्येच असते, त्यामुळे ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. देश आणि कीबोर्ड विचारणाऱ्या पहिल्या स्क्रीनवर मशीन बंद करा, आणि तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून ते डिव्हाइस काढून टाका.