एफडी मोडायची की तिसरं डायलिसिस सोडायचं?

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय. मिस्टर ५४ वर्षांचे, बीपीमुळे दोन्ही किडन्या गेल्या, सात महिने झाले मुलुंडच्या एका प्रायव्हेट सेंटरमध्ये मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस चालू आहे. इंजेक्शन धरून एका वेळचे २,२०० रुपये. पगार ४६,००० होता, आता सुट्ट्या कापून २४,००० हातात येतो. जवळ ११ लाखांच्या एफडी आहेत, तीन पावत्या, ४-४-३ अशा, शिवाय ताईंच्या नावावर २०१६ मध्ये उघडलेलं पीपीएफ, आणि काळाचौकीच्या चाळीत पागडीची खोली, त्यात मोठ्या दिरांचा अर्धा हिस्सा. मुलगी बारावीला. ताई स्वतःची किडनी द्यायला तयार आहेत, तपासण्या आत्तापर्यंत जुळल्यात, हॉस्पिटलने साडेआठ लाखांचा अंदाज दिलाय. मिस्टर म्हणतात एफडी पोरीच्या शिक्षणाची आहे, हात लावायचा नाही, आपण डायलिसिस दोनदाच करू. दीर म्हणतात खोली विकून टाका. ताई विचारतात, काय करू?

ताई, आधी दोनदाच्या डायलिसिसचं बोलते, कारण तो निर्णय तुमच्या घरात बहुतेक पुढच्या आठवड्यातच होईल आणि तो सगळ्यात धोक्याचा आहे.

तीनदाचे महिन्याला साधारण तेरा डायलिसिस होतात, म्हणजे २८,६०० रुपये. दोनदा केलं तर नऊ, म्हणजे १९,८००. वाचले जेमतेम नऊ हजार. आता तुम्हीच लिहिलंय की मंगळवारी सकाळी मिस्टरांच्या चपलेचा पट्टा बसत नाही, वजन साडेतीन किलो वाढलेलं असतं आणि रात्री उशीला टेकून बसावं लागतं. शनिवार ते मंगळवार हा जो लांब गॅप आहे ना, त्याच्यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झालाय, २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, ३२,०६५ पेशंट होते आणि सगळे तीनदाचेच होते. लांब गॅपनंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण दर शंभर पेशंटमागे वर्षाला २२.१ च्या हिशोबाने निघालं, बाकीच्या दिवशी १८.०. हार्टच्या त्रासाने ॲडमिट होणंही त्याच दिवशी जास्त. म्हणजे आठवड्यातला एकच लांब गॅप एवढा महागात पडतो, तुम्ही दोनदा केलं तर प्रत्येक गॅप तसाच किंवा त्याहून लांब होणार. आणि रात्री दोन वाजता दम लागून आयसीयूत न्यावं लागलं तर अशी एक ॲडमिशन वर्षभराची सगळी बचत खाऊन टाकते.

काही पेशंटना दोनदा चालतं हे खरंय, ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांना डॉक्टर सुरुवातीला दोनदावर ठेवतात. पण ते चोवीस तासांची लघवी गोळा करून, रिपोर्ट बघून नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरने ठरवायचं. ज्यांचं शनिवार ते मंगळवार एवढ्यात साडेतीन किलो पाणी चढतं त्यांचं उत्तर काय येईल ते तुम्हालाही माहितीये. तिसरं डायलिसिस सोडायचं नाही, पैशांसाठी तर अजिबात नाही.

मग पैसे कुठून? इथे तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली. तुम्ही सहज लिहून गेलात की कंपनीचा ३ लाखांचा मेडिक्लेम आहे पण जुना आजार म्हणून मिळणार नाही असं कुणीतरी सांगितलं. ताई, कुणी सांगितलं? स्वतः घेतलेल्या पॉलिसीत जुन्या आजाराला वेटिंग असतं, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून जुना आजार कव्हर असतो, आणि डायलिसिस हे डे-केअरमध्ये धरलं जातं, चोवीस तास ॲडमिट व्हायची गरज नसते. उद्याच एचआरला मेल टाका आणि चार गोष्टी लेखी मागा: जुना आजार कव्हर आहे का, डायलिसिसला काही लिमिट आहे का, ट्रान्सप्लांटमध्ये डोनरच्या ऑपरेशनचा खर्च धरतात का, आणि पॉलिसी रिन्यू कधी होते. ती शेवटची तारीख फार महत्त्वाची, का ते पुढे सांगते. आणि मिस्टर नोकरी सोडायचं म्हणतायत ते आत्ता मुळीच नको. नोकरी गेली की ग्रुप पॉलिसी गेली, आणि डायलिसिसवर असलेल्या माणसाला बाहेर नवी पॉलिसी मिळणं जवळपास अशक्य. सोडावीच लागली तर त्याआधीच त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का ते विचारायचं, राजीनामा दिल्यावर नाही.

दुसरा मार्ग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. लोकांना अजून वाटतं की ही फक्त पिवळ्या-केशरी रेशन कार्डवाल्यांसाठी, पण २०२३ च्या निर्णयाने ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू केली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. डायलिसिसही त्यात आहे. फक्त एक लक्षात ठेवा, ही योजना कॅशलेस आहे, आधी मंजुरी मग उपचार. बिल भरून झाल्यावर पावती घेऊन गेलात तर काही मिळत नाही, आणि अनेक घरं इथेच फसतात, घाईत एफडी मोडतात आणि योजना नंतर कळते. १५५३८८ वर फोन करा, जवळचं योजनेतलं डायलिसिस सेंटर विचारा, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल असतं तिथे रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन बसा. तिथे स्लॉट मिळेपर्यंत ट्रस्टची सेंटर बघा. प्रभादेवीला सिद्धिविनायक न्यासाचं आहे, लालबागला लालबागचा राजा मंडळाचं आहे, प्रायव्हेटपेक्षा खूपच कमी दरात करतात. वेटिंग असतं, म्हणून नाव आजच लावायचं. भांडुपहून लालबाग लांब पडतं, डायलिसिस झाल्यावर गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून येणं जमणार नाही, टॅक्सीचे पैसे धरूनच तुलना करा.

आता माझं मत ऐका. डायलिसिस योजनेत किंवा ट्रस्टमध्ये हलवायचं आणि मेडिक्लेमचे ३ लाख ट्रान्सप्लांटसाठी राखून ठेवायचे. ते ३ लाख आत्ता डायलिसिसला लावले तर दहा-अकरा महिन्यांत संपतील आणि ऑपरेशनच्या वेळी हात रिकामे. रिन्युअलची तारीख म्हणूनच विचारायला सांगितली, समजा दोन महिन्यांनी रिन्यू होत असेल तर आत्ताचं कव्हर डायलिसिसला वापरून घ्या आणि ऑपरेशन नव्या वर्षाच्या कव्हरवर घ्या, डॉक्टरांनी तेवढं थांबायला हरकत नाही म्हटलं तर.

ट्रान्सप्लांट करावं का, तर करावं. नुसता पैशांचा हिशोब मांडला तर आत्ताची परिस्थिती अशी आहे: डायलिसिसचे २८,६०० जातात आणि पगारातले २२,००० बुडतात. ट्रान्सप्लांटनंतर हॉस्पिटलने पहिल्या वर्षी औषधं आणि तपासण्यांचे महिना १५,००० सांगितलेत. मिस्टर पूर्ण कामावर परतले तर महिन्याला साधारण ३५,६०० चा फरक पडतो. साडेआठ लाखांतले ३ लाख मेडिक्लेमने दिले तर तुमचे साडेपाच लाख सव्वा वर्षात भरून निघतात. पण मी खरं तेच सांगणार, डायलिसिस योजनेत फुकट झालं तर हाच फरक महिना सात हजारांवर येतो आणि साडेपाच लाख वसूल व्हायला सहा-साडेसहा वर्षं लागतात. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही औषधं जन्मभराची आहेत, डोस पुढे कमी होतो पण बंद होत नाही. म्हणजे नुसत्या पैशाने हा निर्णय होत नाही.

निर्णय होतो तो आयुष्याच्या हिशोबाने. १९९९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, त्यात ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवरच्या ४६,१६४ पेशंटपैकी ज्या २३,२७५ जणांना मृत दात्याची किडनी मिळाली त्यांची तुलना लिस्टवरच राहिलेल्यांशी केली. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका उलट २.८ पट होता, हे लपवायचं नाही, पण पुढे जाऊन तो ६८ टक्क्यांनी कमी झाला. लिस्टवरचेच लोक घेतले असल्यामुळे धडधाकट विरुद्ध आजारी अशी लबाड तुलना नाहीये ती. तुमच्याकडे तर जिवंत दाता आहे, तारीख ठरवून ऑपरेशन करता येतं, हा मोठा फायदा.

आता तुमच्याबद्दल, कारण पत्रात सगळ्यांचं आहे, तुमचं स्वतःचं कुठेच नाही. २०१४ मध्ये किडनी दात्यांवरचा एक मोठा अभ्यास आला, ९६,००० हून जास्त दाते. दात्याला पुढे आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याचा धोका दहा हजारांत ९०, आणि तेवढ्याच निरोगी पण दान न केलेल्या माणसाला दहा हजारांत १४. आकडा छोटा आहे, पण शून्य नाही. पत्नी जवळच्या नातेवाइकांत येते त्यामुळे कायद्याने परवानगी सोपी जाते, तरी तुमची वेगळी मुलाखत होते, कुणी जबरदस्ती केली नाही ना हे विचारतात. तिथे मनात असेल ते बोला. नको वाटलं तर नको म्हणा, मी दिलेला सगळा हिशोब बाजूला ठेवायचा. हो म्हणणार असाल तर तुमच्या नावाची वेगळी हेल्थ पॉलिसी आणि टर्म प्लॅन याची चौकशी आत्ता करा, फॉर्मवर किडनीदानाचं खरं लिहून, लपवलं तर क्लेमच्या वेळी नडतं. आणि दरवर्षी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी), बीपी, लघवीतलं प्रोटीन तपासायचं, त्यासाठी घरखर्चात पैसे धरा. ऑपरेशननंतर तुम्हालाही काही आठवडे काम जमणार नाही, घरात माणूस ठेवावा लागेल, तो खर्च हॉस्पिटलच्या अंदाजात नसतो. त्यासाठी पाऊण लाख वेगळे काढा.

सेंटरवाले एचडीएफ (हिमोडायफिल्ट्रेशन, डायलिसिसचाच जास्त गाळणारा प्रकार) घ्या म्हणतायत, दर वेळी ९०० जास्त, असंही लिहिलंय. त्यात तथ्य आहे, २०२३ मध्ये युरोपातल्या १,३६० पेशंटचा अभ्यास आला, एचडीएफवाल्यांत १७.३ टक्के मृत्यू आणि नेहमीच्या हाय-फ्लक्स डायलिसिसवाल्यांत २१.९. पण तिथे दर वेळी निदान २३ लिटर व्हॉल्यूम, म्हणजे रक्तातून गाळून बदललेलं पाणी, द्यायचं ठरवलेलं होतं. टेक्निशियनला विचारा मशीनवर शेवटी किती लिटर दिसतात. सांगता आलं नाही तर महिन्याचे पावणेबारा हजार नुसत्या नावाचे. ट्रान्सप्लांट काही महिन्यांवर असेल तर मी तरी आत्ता घेणार नाही.

खोली विकू नका. घाईत विकलेल्या पागडीच्या खोलीला भाव पडून मिळतो, त्यात घरमालकाचा हिस्सा जातो, मग दिरांचा, तुमच्या हातात उरणार किती. दिरांना खरंच मदत करायची असेल तर दीड-दोन लाख बिनव्याजी द्यायला सांगा, लिहून घ्या.

एफडीचं असं करा. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये, केईएमसारख्या ठिकाणी विचारून बघा, तिथे मंजुरी मिळाली तर एक ४ लाखांची पावती पुरावी. प्रायव्हेटमध्येच करायचं ठरलं तर ४ आणि ३ अशा दोन मोडा, ज्यांचा व्याजदर कमी आहे त्या आधी, मॅच्युरिटी जवळ आली असेल तर मोडू नका, तिच्यावर बँकेतून ओव्हरड्राफ्ट घ्या, थोड्याच महिन्यांचं व्याज जाईल. उरलेली ४ लाखांची पावती आणि तुमचं पीपीएफ मुलीचं. पीपीएफमधून वर्षातून एकदा थोडी रक्कम काढता येते, ती कॉलेजच्या फीच्या वेळी. मिस्टरांना हे कागदावर मांडून दाखवा, त्यांचा विरोध पोरीच्या काळजीपोटी आहे, तिचे पैसे वेगळे ठेवलेले डोळ्यांना दिसले की ते ऐकतील असं मला वाटतं. टॅक्ससाठी ८०डीडीबीच्या (आजाराच्या खर्चावर मिळणाऱ्या सवलतीच्या) मागे लागू नका, तुमच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत तसाही टॅक्स शून्य आहे.

एचआरचं उत्तर आलं की पॉलिसीचं पान आणि तिन्ही पावत्यांचे फोटो मला पाठवा, कुठली कधी मोडायची ते तारखेनिशी सांगते. तोपर्यंत शनिवारचं डायलिसिस चुकवू नका.